फळांच्या रसाचे सांडपाणी आणि पटल-गाळणी

रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांत एप्रिलपासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत आंब्याचा रस काढून डबाबंद करण्याचे काम रात्रंदिवस चालते. जे फळ पेटीत घालून दूरच्या बाजारपेठेत पाठविण्याजोगे नसते, त्यास ह्या कारखान्यांमुळे किंमत येते आणि हंगामाच्या अखेरीस बागायतदाराच्या हाती चार पैसे पडतात. हा धंदा वाढावा हे सर्वांस इष्टच वाटेल. परंतु रसाबरोबर कारखान्यातून सांडपाणीही बाहेर पडते, आणि ते नेमके अशा दिवसांत बाहेर पडते की जेव्हा पऱ्हे आटलेले असतात, वहाळाची धार तुटून पाणी कोंडींत साचलेले असते व गावच्या विहिरी तळास गेलेल्या असतात. पावसाळ्यात जे पाणी वाहून गेले असते, ते मे महिन्यात जागच्या जागी मुरते. जांभ्या दगडाचा कातळ वरून कितीही टणक दिसला, तरी त्याच्या भेगांतून व पोकळ्यांतून पाणी फार लवकर खाली उतरते, ही गोष्ट विहीर खणणाऱ्यांस ठाऊक आहेच. तेव्हा कारखान्याच्या मागील चरात सोडलेले पाणी कोणाच्या विहिरीस जाऊन मिळेल, ह्याचा विचार आधी करावयास हवा.

ह्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी पटल-गाळणीची यंत्रे आता मिळू लागली आहेत. ती घ्यावीत काय, त्यांनी नेमके काय साधते व काय साधत नाही, असे प्रश्न सहकारी संस्थांचे सभासद व लहान कारखानदार ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस विचारतात. त्यांच्या माहितीसाठी हा लेख आहे.

सांडपाण्यात असते तरी काय?

आंबे धुतलेले पाणी, फरशी व यंत्रे धुतलेले पाणी, रसाच्या टाक्या व नळ्या साफ करण्यासाठी वापरलेले कॉस्टिक सोड्याचे पाणी, आणि डबे थंड करण्यासाठी वापरलेले पाणी, असे चार प्रकारचे पाणी कारखान्यातून निघते. ह्यांपैकी डबे थंड केलेले पाणी बहुतेक स्वच्छच असते. ते वेगळ्या नाल्याने काढून, थंड करून पुन्हा वापरावे. ते घाण पाण्यात मिसळणे म्हणजे विनाकारण शुद्धीकरणाचा बोजा वाढविणे होय. बाकीच्या पाण्यात सालीचे तुकडे, रेषा, माती, आणि मुख्यतः विरघळलेली साखर असते. त्यात विष असे काही नसते. ‘आंब्याचा रसच तो, त्याने काय बिघडणार?’ असे जे म्हटले जाते ते ह्याचमुळे. पण बिघाड होतो तो ह्या गोडव्यामुळेच.

पाण्यातील सूक्ष्म जंतू साखर खातात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. एक लिटर आंब्याच्या रसात अदमासे १६० ग्रॅम साखर असते. तिचे पूर्ण पचन होण्यास सुमारे १७० ग्रॅम प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू मावतो तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे फरशीवर सांडलेला एक लिटर रस बावीस हजार लिटरांहून अधिक पाण्यातील सर्व प्राणवायू संपवू शकतो. वाहते पाणी हवेतून प्राणवायू पुन्हा घेते. कोंडीत साचलेल्या पाण्यास ते तितक्या वेगाने जमत नाही. मग मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात व मरतात, पाणी काळवंडते आणि कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. जमिनीत मुरलेले गोड पाणीही असेच प्राणवायू खाते, व प्राणवायू संपला की जांभ्यातील लोह विरघळून पाण्यात उतरू शकते. जवळच्या विहिरीचे पाणी तांबूस होऊन त्यास लोखंडाची चव येऊ लागली, तर हे कारण अवश्य तपासावे.

पाण्याची ही प्राणवायूची भूक मोजण्याचे माप म्हणजे ‘बी. ओ. डी.’. जंतू तीन दिवसांत २७ अंश तपमानास किती प्राणवायू वापरतात, ते त्यावरून कळते. रासायनिक रीतीने काढलेल्या एकूण भुकेस ‘सी. ओ. डी.’ म्हणतात. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्याची बी. ओ. डी. लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा व सी. ओ. डी. २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जमिनीस ओलितासाठी द्यावयाच्या पाण्याची बी. ओ. डी. १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यास दिलेल्या संमतिपत्रात ह्याहून कडक अट असेल, तर तीच लागू समजावी. आता असे पाहा की दिवसाकाठी दहा हजार लिटर सांडपाणी निघणाऱ्या कारखान्यात केवळ वीस लिटर रस गटारात गेला, तर तेवढ्यानेच सी. ओ. डी. ३४० मिलिग्रॅमने वाढते. म्हणजे एका डब्याएवढा रस नाल्याची सगळी मर्यादा ओलांडून जातो. म्हणून शुद्धीकरणाचा सर्वांत स्वस्त भाग कारखान्याच्या फरशीवरच करावयाचा असतो. सांडलेला रस रबरी पट्टीने ओढून बादलीत भरावा, साल व कोयी कोरड्याच गोळा कराव्यात, आणि मगच पाण्याची नळी हाती घ्यावी. यंत्र विकत घेण्यापूर्वी ही शिस्त महिनाभर पाळून पाहावी. पुष्कळ ठिकाणी लहान यंत्रानेच भागेल असे आढळून येईल.

पटल म्हणजे काय?

पटल म्हणजे अतिशय बारीक छिद्रांचा पातळ पापुद्रा. सांडपाण्यासाठी वापरावयाची पटले पुष्कळदा शेवयांसारखी लांब व बारीक असतात. मात्र ती पपईच्या देठासारखी आतून पोकळ असतात. अशा हजारो शेवयांची जुडी टाकीत बुडवून ठेवतात आणि पंपाने आतील पोकळीतून पाणी हळूहळू ओढून घेतात. घाण बाहेरच राहते व गाळलेले पाणी आत शिरून वर येते. दुसऱ्या प्रकारात पापुद्रे पाटीसारख्या सपाट चौकटींवर ताणून बसविलेले असतात. दोन्हींचे तत्त्व एकच आहे.

ह्या पटलांची छिद्रे साधारणतः ०.०४ ते ०.४ मायक्रॉन असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि सांडपाण्यातील सामान्य जंतू एका मायक्रॉनच्या आसपास असतात. तेव्हा माती, गाळ, रेषा आणि जंतूदेखील ह्या पटलातून पार होत नाहीत. पाणी विहिरीच्या पाण्यासारखे नितळ दिसते, आणि येथेच फसगत होते.

साखरेचा कण एका मायक्रॉनच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा असतो. भाताच्या चाळणीने पीठ अडविता येत नाही, त्याचप्रमाणे ह्या पटलाने साखर अडत नाही. ती पाण्याबरोबर सरळ पार होते. प्रस्तुत लेखकास एका ठिकाणी नुसत्या पटलाने गाळलेले सांडपाणी काचेच्या पेल्यात भरून मोठ्या कौतुकाने दाखविण्यात आले होते. पाणी खरोखरीच निर्मळ होते. तोच पेला झाकून सावलीत ठेवण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यास आंबूस वास येत होता व तळाशी पांढुरका साका बसला होता. वहाळात गेल्यावर ह्या पाण्याने मासे मारलेच असते. पाणी नितळ असणे आणि पाणी शुद्ध असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यंत्र दाखविण्यास येणाऱ्या विक्रेत्यास स्पष्टपणे विचारावे.

साखर अडविणारे पटलही आहे; त्यास बोलीत आर. ओ. म्हणतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत लोब व श्रीनिवास सौरिराजन ह्यांनी १९६० च्या सुमारास पहिले खरोखर उपयोगी पडणारे आर. ओ. पटल तयार केले. सौरिराजन हे मूळचे भारतीय. समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळे करण्यासाठी केलेला हा शोध आज घरोघरी पोहोचला आहे. परंतु कच्च्या सांडपाण्यावर थेट आर. ओ. बसविणे हे पैसे वाया घालविण्यासारखे आहे. त्याची छिद्रे रेषा व चिकट द्रव्यांनी लवकर बुजतात. आणि मुख्य म्हणजे अडविलेली साखर नाहीशी होत नाही, तर थोड्या पाण्यात दाट होऊन मागे राहते. ते दाट पाणी कोठे टाकणार, हा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक उरतो.

जंतू आणि पटल ह्यांची जोडी

तेव्हा साखर खाऊन संपविणारा कोणी तरी हवा, आणि ते काम जंतूच करू शकतात. वहाळात जे जंतू बेबंदपणे करतात, तेच टाकीत त्यांना भरपूर हवा देऊन करवून घ्यावयाचे. ही पद्धत जुनीच आहे. अडचण अशी होती की पाण्यापासून जंतूंचा गाळ वेगळा काढण्यासाठी निवळणीची मोठी टाकी लागे. गोड पाण्यात वाढलेले जंतू धाग्याधाग्यांचे व फुसफुशीत होत, गाळ तळाशी बसत नसे आणि पाण्याबरोबर वाहून जाई. जपानमध्ये १९८९ साली यामामोतो ह्यांनी हवेच्या टाकीतच पोकळ तंतूंचे पटल बुडवून पाणी ओढण्याची रीत दाखविली, आणि निवळणीच्या टाकीची गरज उरली नाही. जंतू साखर खातात व पटल जंतूंस बाहेर जाऊ देत नाही, अशी ही जोडी आहे. जंतू टाकीतच राहत असल्यामुळे जुन्या पद्धतीच्या मानाने दोन-तीन पट अधिक जंतू थोड्या जागेत पोसता येतात. कातळावर जेथे कारखान्यास जागा थोडी आणि वहाळ लागूनच आहे, तेथे ह्या पद्धतीचा खरा उपयोग आहे.

जंतू हे जनावरांप्रमाणेच पोसावे लागतात. नुसत्या साखरेवर त्यांची वाढ नीट होत नाही. नत्र व स्फुरद लागतेच, आणि फळांच्या पाण्यात ही दोन्ही अगदी कमी असतात. बी. ओ. डी.च्या शंभर भागांस पाच भाग नत्र व एक भाग स्फुरद असे सर्वसाधारण प्रमाण आहे. उदाहरणादाखल, दररोज दहा हजार लिटर पाणी निघते आणि त्याची बी. ओ. डी. २,००० मिलिग्रॅम आहे असे धरू. म्हणजे रोजची बी. ओ. डी. २० किलो झाली. तीस १ किलो नत्र व २०० ग्रॅम स्फुरद लागेल. एक किलो डी. ए. पी.मधून सुमारे २०० ग्रॅम स्फुरद व १८० ग्रॅम नत्र मिळते. उरलेल्या नत्रासाठी पावणेदोन ते दोन किलो युरिया पुरे. ही मात्रा पाण्यात विरघळवून दिवसभर थोडी थोडी सोडावी. ती न दिल्यास जंतू आपल्याभोवती बुळबुळीत लगदा तयार करतात, आणि पटल बुजण्याचे तेच मोठे कारण असते. उलट मात्रा अधिक झाली, तर उरलेले नत्र बाहेरच्या पाण्यातून वहाळात जाऊन शेवाळ वाढविते. सांडपाण्याची तपासणी करून मात्रा बेतावी हे बरे.

साखर आंबून पाणी आम्ल होते, तर कॉस्टिक धुण्याच्या वेळी ते एकदम अल्कधर्मी होते. ह्या दोन्ही टोकांचा जंतूंस त्रास होतो. म्हणून हवेच्या टाकीपूर्वी एका दिवसाचे पाणी मावेल अशी साठवण टाकी असावी, म्हणजे सर्व पाणी एकमेकांत मिसळून सामू ६.५ ते ८ च्या दरम्यान आणता येतो. आम्लता मोडण्यास चुन्याची निवळी चालते, मात्र हात राखून. जादा चुना पटलावर पुटे धरतो. साठवण टाकीच्याही आधी दोन चाळण्या हव्यात, एक जाड व दुसरी एक मिलिमीटर छिद्रांची. रायवळ आंब्याच्या रेषा ह्या शेवयांसारख्या तंतूंत गुंतून त्यांचे वेणीसारखे पेड होतात, आणि ते सोडविताना पटल फाटते.

पटलाची निगा

दर तासाला एका चौरस मीटर पटलातून किती लिटर पाणी ओढावयाचे, ह्यावर यंत्राची किंमत व आयुष्य दोन्ही अवलंबून असते. अशा पाण्यासाठी बारा लिटरांच्या आसपासचा हिशेब सावधपणाचा ठरेल. वरील कारखान्यात वीस तासांत दहा हजार लिटर, म्हणजे तासाला पाचशे लिटर ओढावयाचे, तर बेचाळीस चौरस मीटर पटल पाहिजे. एखादा विक्रेता निम्म्या पटलात हेच काम करून देण्याचे सांगेल व त्याची किंमतही कमी असेल. असे यंत्र मार्चमध्ये छान चालते आणि ऐन मे महिन्यात, कारखाना भरात असताना, बुजते.

पटलाखालून हवेचे बुडबुडे सतत सोडलेले असावेत. त्यांनी तंतू हालत राहून चिकटलेला गाळ सुटतो. नऊ मिनिटे ओढणे व एक मिनिट विश्रांती, असा क्रम पुष्कळ ठिकाणी ठेवतात. हवा बंद असताना पंप कधीही चालवू नये. कोकणात वळवाच्या वादळात वीज जाणे नित्याचे आहे. म्हणून हवेच्या यंत्रास जनित्राची जोड नसेल, तर ही सारी योजना अपुरी समजावी. काही तास हवा न मिळाल्यास जंतू गुदमरतात. टाकीतील गाळ तांबूस तपकिरी असून त्यास ओल्या मातीचा वास येत असेल, तर सर्व ठीक आहे. तो काळा पडून आंबट किंवा कुजका वास येऊ लागला, तर हवा कमी पडते आहे किंवा साखर फार येते आहे असे समजावे. वाढलेला गाळ ठराविक प्रमाणात काढून वाफ्यांवर वाळवावा व शेणखतात कुजवावा.

पंपावरील ओढीचा दाब रोज वहीत लिहावा. तो वाढू लागला की पटल धुण्याची वेळ झाली. सेंद्रिय चिकटा काढण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे व चुन्याची पुटे काढण्यासाठी सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, वेगवेगळ्या वेळी वापरतात. ही दोन द्रावणे एकमेकांत कदापि मिसळू देऊ नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो व बंद खोलीत माणसाचा जीव जाऊ शकतो. दोन्हींच्या मध्ये साध्या पाण्याने भरपूर धुवावे. पोकळ तंतूंची जी पटले हायपोक्लोराइट सोसतात, त्यांवरून आर. ओ. पटलाचा अंदाज बांधू नये, आर. ओ.च्या नेहमीच्या पटलाचे क्लोरीनने नुकसान होते.

हंगामी कारखान्यांस आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकदा ओले झालेले पटल कोरडे पडल्यास त्याची छिद्रे मिटतात व ते निकामी होते. जूनअखेर काम थांबले म्हणून टाकी रिकामी करून कुलूप लावू नये. कारखाना पुढे कोकम, जांभूळ, आवळा अशा फळांवर चालत असेल तर उत्तमच. नसेल तर पटल धुऊन, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे संरक्षक द्रावणात बुडवून ठेवावे. जंतूंनाही पुढील हंगामापूर्वी तीन-चार आठवडे आधी जागे करावे लागते. जवळच्या चालू शुद्धीकरण केंद्रातील गाळ विरजणासारखा टाकीत घालून, बारीक चाळणीतून गाळून मार्चपासून थोडे थोडे सांडपाणी किंवा गुळाचे पाणी देत गेल्यास एप्रिलमध्ये टाकी तयार असते. पहिल्या दिवशी एकदम सारे सांडपाणी सोडणे म्हणजे उपाशी बैलास पोटभर आंबोण घालणे होय.

काय शिल्लक राहते, आणि कोणी हे यंत्र घेऊ नये

एवढे करूनही विरघळलेले क्षार पाण्यात राहतातच, कारण जंतू ते खात नाहीत व हे पटल ते अडवीत नाही. कॉस्टिक सोड्यातील सोडियम जमिनीस वर्षानुवर्षे मिळत राहिले, तर जमिनीची घडण बिघडते व ती पाणी धरीनाशी होते. पाणी नारळ, गवत किंवा रोपवाटिकेस द्यावयाचे असेल, तर धुण्यासाठी कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरण्याचा विचार करावा. तो महाग पडतो. पण त्यातील पालाश पिकास मिळते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्या जमिनीची माती तपासून घ्यावी. शुद्ध केलेले हे पाणी फरशी धुण्यास वापरावयास हरकत नाही, फळ किंवा रसाची भांडी धुण्यास मात्र वापरू नये.

घरगुती प्रमाणावर दिवसास काहीशे लिटर पाणी निघणाऱ्या महिला गटांनी वा लहान व्यावसायिकांनी पटलाच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. साल-कोयी कोरड्या वेगळ्या करून शेणाबरोबर कुजवाव्यात. गोड पाणी, कॉस्टिकचे पाणी वगळून, गोबर-गॅसच्या टाकीत बेताबेताने घालावे. एकदम जास्त घातल्यास टाकी आंबून गॅस बंद पडतो. सालींचा ढीग जनावरांपुढे टाकणेही धोक्याचे आहे; साखरेने पोट आंबून जनावर दगावू शकते. ज्या कारखान्याकडे मोकळी जमीन पुष्कळ आहे, त्यानेही आधी हवारहित टाकी व तळ्यांच्या पद्धतीचा खर्च काढून पाहावा. पटलाची विजेची गरज त्याहून बरीच अधिक असते.

गावपातळीवर एक साधी परीक्षा करता येते. दूध संघात दुधाची प्रत पाहण्यासाठी मिथिलीन ब्लू हा रंग वापरतात, तोच येथे उपयोगी पडतो. शुद्ध केलेले पाणी रंगहीन काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावे, त्यात रंगाचे काही थेंब टाकून फिकट निळे करावे, आत हवेचा बुडबुडा राहू न देता बूच लावावे आणि बाटली सावलीत ठेवावी. निळा रंग चार-पाच दिवस टिकला, तर पाण्याची प्राणवायूची भूक बरीच भागली आहे असे समजावे. एक-दोन दिवसांतच रंग उडाला, तर पाणी कितीही नितळ दिसो, ते अजून भुकेले आहे. प्रयोगशाळेतील तपासणीची जागा ही परीक्षा घेऊ शकत नाही. तथापि दर आठवड्यास एक बाटली भरून तारखेसह फळीवर ठेवल्यास बिघाड लवकर ध्यानात येतो. असे दिसताच वहाळाकडील झडप बंद करून पाणी साठवण टाकीत वळवावे, आणि प्रथम हवेचे यंत्र तपासावे.